सोन्या बोक्याची शुगर



राहात्याच्या आमच्या बचत गटातर्फे आम्ही चौघी आज बोलायला आलो आहोत. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यावर रेडिओवर पुष्कळ बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं, आपल्या तालुक्याचा अर्धा संसार दुधावर चालतो. आज मात्र आम्ही मांजरावर बोलणार आहोत. मांजराला शुगर झाली, डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सांगितली, तर ती घरी कशी सांभाळायची, हा विषय. घरी सांगितलं तेव्हा मंडळी हसली. हसू द्या. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी घरात इन्सुलिन घेणारं माणूस असेल तर त्यालाही उपयोगी पडतील.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे सोन्या नावाचा बोका आहे. तो मूळचा पुण्याचा. ताईंच्या मुलाने तिथे फ्लॅटमध्ये पाळलेला, नसबंदी केलेला. मुलाची बदली झाली आणि तीन वर्षांपूर्वी सोन्या पिशवीत बसून राहात्याला आला. वय आठ-नऊ वर्षं, वजन सात किलो, उंदराकडे बघून जांभई देणारा. त्याचं खाणं म्हणजे दूध-पोळी, दूध-भात, चहाबरोबरची बिस्किटं, शिवाय मुलगा पाठवायचा ते कोरडं पाकिटातलं खाद्य. सगळ्यांचा लाडका, त्यामुळे जो येईल तो काहीतरी घालायचा.

दिवाळीनंतर त्याचं पाणी वाढलं. आधी वाटलं, ऊन आहे. मग थंडी पडली तरी तो हौदावर, पेरूच्या आळ्यात, मोरीतल्या बादलीत, जिथे मिळेल तिथे पाणी पीत बसायचा. वाळूच्या पाटीत लघवीचे गोळे एवढाले व्हायचे. खाणं भरपूर, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. आणि चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला. मांजर एरवी कसं चवड्यांवर चालतं, तसं नाही. उडी मारून ओट्यावर चढणारा बोका ओट्याकडे नुसता बघत बसायचा.

ताईंच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना आजीच म्हणतो, त्यांनी एक दिवस वाळूच्या पाटीभोवती मुंग्यांची रांग बघितली. आजींना स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, रोज इन्सुलिन घेतात. त्या म्हणाल्या, "अगं, याला माझाच रोग झालाय."

ही लक्षणं लक्षात ठेवा, बायांनो. फार पाणी, फार लघवी, खाऊनही वजन उतरणं, अंगावरचे केस निस्तेज होणं, मागचे पाय टाचेवर येणं. यातली दोन-तीन दिसली तर थांबू नका. मोठ्या वयाचं, जाड, नसबंदी झालेलं, घरात बसून राहणारं मांजर असेल तर शंका आणखी. जास्त करून बोक्यांना होतो हा आजार.

आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहान प्राण्यांच्या दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि लघवीही तपासली. दोन्ही का, तर मांजर घाबरलं की तेवढ्यापुरती त्याच्या रक्तातली साखर चढते. पिशवीत कोंबून, गाडीत बसवून नेलेलं मांजर घाबरणारच. म्हणून रक्ताच्या एका आकड्यावर भरवसा ठेवत नाहीत. लघवीतही साखर निघाली, लक्षणं जुळली, मग नक्की झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, एक युनिट इन्सुलिन. सकाळी सात, संध्याकाळी सात.

घरी आल्यावर पहिला प्रश्न सुईचा नव्हता, पैशाचा होता. ताईंचे मालक म्हणाले, "माणसाला औषध मिळायची मारामार, आणि आपण बोक्याला इन्सुलिन देणार?" त्यात चूक काहीच नव्हती. आम्ही गटाच्या बैठकीत यावर बोललो. ज्या घरात माणसाचंच औषध तुटतं, त्या घराने आधी माणसाचं बघावं, त्यात लाजायचं काही नाही. पण ताईंच्या घरी भागत होतं. आणि मग आजी बोलल्या, त्यांना हे त्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. कॅनडातल्या टोरोंटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिन शोधलं, ते आधी कुत्र्यांवर करून बघितलं. माणसाला, लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला, ते जानेवारी १९२२ मध्ये मिळालं. पुढे कित्येक वर्षं माणसांना लागणारं इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. आजी म्हणाल्या, "जनावरांच्या जिवावर मी जगले. आता एका जनावराला दिलं तर काय बिघडलं?" त्यावर मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गाडी काढून इन्सुलिन घेऊन आले.

आता सुई कशी द्यायची ते सांगतो. आम्ही सांगतो म्हणून कुणी स्वतःहून सुरू करायचं नाही. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून बघायचं, आपल्या हाताने. आम्ही तिघी जणी गेलो होतो शिकायला, कारण ताईंना कधी लग्नाला, कधी दवाखान्यात जावं लागतं, आणि सोन्याचे सात कुणासाठी थांबत नाहीत.

आधी खायला घालायचं. तो खातोय हे बघायचं. मग बाटली बघायची. आमचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. काही इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते दोन्ही तळहातांत हळूच घोळवून एकसारखं करतात. पण कुठलीच बाटली ताकासारखी घुसळायची नाही. सिरिंजमध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही. मानेच्या मागे किंवा कुशीवरची कातडी चिमटीत उचलायची, म्हणजे छोटा तंबू होतो. त्या तंबूच्या पायथ्याशी सुई तिरकी घालायची, दांडा हळू दाबायचा, काढायची. झालं. सुई केसासारखी बारीक असते. सोन्या खाता खाता मान वळवूनही बघत नाही. घाम आम्हाला फुटायचा, त्याला नाही.

सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली किंवा केस ओले लागले, तर इन्सुलिन सांडलं असं समजायचं. मग काय करायचं? काही करायचं नाही. पुन्हा द्यायची नाही. किती आत गेलं ते आपल्याला कळत नाही, म्हणून पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. आणि एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरायची नाही. ती जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं, बाटली भरली की दवाखान्यात नेऊन द्यायची. उघडी सुई घंटागाडीत टाकू नका. कचरा वेचणारीही आपल्यासारखीच बाई असते.

आता आमची चूक सांगतो. ती सांगायलाच आम्ही आज मुद्दाम आलो आहोत.

सहाव्या दिवशी ताई गावाला गेल्या होत्या. सकाळची पाळी आमच्यातल्या एकीची. सोन्याच्या सिरिंज संपल्या होत्या. आजींच्या डब्यात सिरिंज होत्या. इन्सुलिनचीच सिरिंज, एक युनिटची रेघ त्यावरही आहे, मग बिघडलं कुठे, असं वाटलं. ती भरली, दिली. त्या दिवशी सोन्याने खाणंही अर्धंच टाकलं होतं, तिकडेही लक्ष गेलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला सोन्या माठाजवळ उभा राहिला आणि झोकांड्या खायला लागला, पिऊन आल्यासारखा. मग बसला. डोळे मोठे, नजर कुठेच नाही, अंगाला कंप. आम्हाला वाटलं ऊन लागलं. आजी कॉटवरून उठून आल्या, एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "याची शुगर उतरलीय. मला होतं ना, तसंच. साखर आणा."

साखरेचं घट्ट पाणी केलं. आजींनी बोट बुडवून सोन्याच्या हिरड्यांना चोळलं. पुन्हा, पुन्हा. तोंडात ओतायचं नाही हे त्यांनी सांगितलं, कारण अर्धवट शुद्धीत ते श्वासनळीत जातं. दुसरीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. थोड्या वेळाने त्याने जीभ फिरवली. मग तसंच साखरपाणी चोळत चोळत गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे मशीनवर आकडा पन्नासच्या आत होता. सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. वाचला. बाई म्हणाल्या, आणखी तासभर उशीर झाला असता तर आकडी आली असती, कदाचित गेलाही असता.

चूक कुठे झाली? ही गोष्ट नीट ऐका, आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर दोनदा ऐका. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं. एकात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. बाटलीवर ते छापलेलं असतं. ४०च्या बाटलीला ४०ची सिरिंज, तिचं टोपण बहुधा लाल. १००च्या बाटलीला १००ची सिरिंज, तिचं टोपण बहुधा केशरी. आजींचं इन्सुलिन ४०चं. सोन्याचं १००चं. आम्ही १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं. म्हणजे एक युनिट नाही, अडीच युनिट गेलं. रेघ एकच, औषध अडीचपट. पावशेरची माप आणि शेराची माप यात आपण बाजारात कधी फसत नाही, पण इथे फसलो. टोपणाच्या रंगावर नुसतं जाऊ नका. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा, दोन्ही वाचा आणि जुळवा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला लावा.

त्या दिवसापासून सोन्याचं सगळं सामान निळ्या डब्यात आणि आजींचं स्टीलच्या डब्यात. भिंतीवर कॅलेंडर टांगलं आहे. ज्या बाईने सुई दिली, तिने लगेच त्या तारखेवर खूण करायची, सकाळची वर, संध्याकाळची खाली. म्हणजे एकीने दिली आणि दुसरीला माहीत नाही म्हणून तिनेही दिली, असं होत नाही. खूण दिसत नाही आणि आठवतही नाही, तर द्यायची नाही.

आजी म्हणतात, चढलेली साखर एखादा दिवस वाट बघते, उतरलेली तासभरही वाट बघत नाही. आम्ही तेच धरून चालतो. एखादी सुई चुकली तर मांजर लगेच मरत नाही. जास्त गेली तर मरू शकतं. म्हणून शंका आली की थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. सोन्याने खाल्लं नाही, उलटी केली, तर सुई देण्याआधी फोन. आज पाणी जास्त प्यायला म्हणून आपल्या मनाने अर्धा युनिट वाढवायचं नाही.

पण थांबणं म्हणजे सोडून देणंही नाही. इन्सुलिन लागणारं मांजर दिवसेंदिवस इन्सुलिनशिवाय राहिलं तर रक्तात विषार साठतो. खाणं बंद, उलट्या, मलूलपणा, जोरजोरात श्वास, तोंडाला वेगळाच गोडसर वास, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकायचं नाही.

आता खाणं. मांजर मांसाहारी प्राणी आहे, त्याच्या पोटाला पोळी-भात-भाकरीची गरज नाही. डॉक्टरीणबाईंनी सोन्याचं दूध-पोळी आणि बिस्किटं बंद केली. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, आणि त्यांनी सांगितलेलं खाद्य. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कांद्या-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मरतात. मात्र हा बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू करायचा. पीठ-भात कमी झाला की साखर आपोआप खाली येते, आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं तर पुन्हा तोच प्रसंग. जाड मांजराला एकदम उपाशीही ठेवायचं नाही, त्याने त्याचं लिव्हर बिघडतं. पाणी कधीच तोडायचं नाही. आणि माणसाच्या शुगरच्या गोळ्या मांजराला द्यायच्या नाहीत. तापाची पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

शुगर घरी बघता येते. माणसाचं जे मशीन असतं तेच चालतं, पण मांजराच्या रक्तात ते खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतं. म्हणून दर वेळी एकच मशीन वापरायचं आणि कुठलं वापरतो ते डॉक्टरांना सांगायचं. कान कोमट फडक्याने शेकायचा, कडेला बारीक टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, मग कापूस दाबायचा. आकडा वहीत लिहायचा. त्या वहीत आम्ही तीन गोष्टी लिहितो: किती खाल्लं, वाळूत लघवीचे गोळे किती, आणि कसा चालतो. महिन्यातून एकदा वही दवाखान्यात जाते. किती युनिट द्यायचं ते वही बघून बाई ठरवतात.

राहिली गोष्ट विजेची. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी ते गेलंच, टाकून द्यायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो आणि वीजही जाते. त्यासाठी आजींची पद्धत आहे. मोठ्या माठाच्या बुडाशी ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. माठ सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा आणि वाळू ओली ठेवायची. फ्रीजइतकं गार होत नाही, पण वापरात असलेली बाटली काही दिवस नीट राहते. बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख घालायची आणि किती दिवस चालेल ते डॉक्टरांना विचारून ठेवायचं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत औषध ठेवून आठवडे बाजार करत बसू नका.

मैत्रिणींनो, सोन्या आता बरा आहे असं सांगायला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर त्याची सुई अजून चालू आहे. काही मांजरांची साखर लवकर उपचार आणि योग्य खाण्याने इतकी आटोक्यात येते की काही महिन्यांत इन्सुलिन बंद होतं. सोन्याचं होईल की नाही, बाई सांगत नाहीत. पाणी पिणं मात्र कमी झालं आहे. टाचा उचलून चालतो. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा ओट्यावर चढला आणि दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. एरवी त्याला लाटणं बसलं असतं. त्या दिवशी आम्ही सगळ्या नुसत्या बघत राहिलो. आजींनीच शेवटी पातेलं उचललं.

एक गोष्ट मात्र आमच्या गटात बदलली. आमच्यातल्या दोघींच्या घरी इन्सुलिन घेणारी माणसं आहेत. बाटली कोणती, सिरिंज कोणती, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. सोन्याच्या त्या दुपारनंतर दोघींनी घरी जाऊन बघितलं. एकीच्या घरी जोडी बरोबर होती. दुसरीच्या घरी दोन्ही प्रकारच्या सिरिंज एकाच डब्यात पडल्या होत्या. आज संध्याकाळी तुम्हीही तुमच्या घरचा डबा उघडून बघा.

आमची वेळ झाली. सातच्या आत घरी पोचायचं आहे, आज पाळी आमची आहे.